पत्त्यांवर भविष्य सांगणारी बाई: जुन्या चित्रांत ती खरंच काय करतेय?

दौतलेखणी

ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला गेले होते. परतीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस मोकळा मिळाला, तो लूव्हरमध्ये घालवला. मोनालिसासमोरच्या गर्दीतून सुटून उत्तरेकडच्या चित्रकारांच्या दालनांकडे गेले आणि एका छोट्या चित्रापाशी थबकले. छोटं म्हणजे शाळेच्या पाटीएवढं, साधारण २४ बाय ३० सेंटिमीटर. लाकडी फळीवर तैलरंग. चित्रकार लुकास व्हान लायडन, काळ १५०८ ते १५१० च्या आसपासचा. फ्रेंच नावाचा अर्थ ‘पत्ते पाहून भविष्य सांगणारी’.

टेबलाशी एक बाई बसली आहे, पुढ्यात पत्ते. जवळ मोठी टोपी घातलेला तरुण, आणि दोघांच्या मध्ये एक फूल. मागे माणसांची दाटी, तिच्यात एक विदूषकही. इतक्या लहान फळीवर इतके चेहरे, आणि प्रत्येकाचं बघणं वेगळं! मी पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभी होते.

घरी आल्यावर इतर चित्रं शोधायला लागले आणि गोंधळ वाढला. कुठे हात बघतात, कुठे पत्ते मांडतात, कुठे नुसताच जुगार चाललाय, पण नावं सगळी एकाच छापाची. म्हणून इथे विचारते. या चित्रांत खरंच भविष्य सांगितलं जातंय, की नावं नंतर चिकटली? तुम्हाला माहीत असलेली, पाहिलेली चित्रंही सांगा.

घाटमाथा

मस्त विषय. खुर्ची टाकून बसलो आहे.

किलवरची_दुर्री

लुकासचा जन्म १४९४ चा धरला, तर हे चित्र काढताना तो चौदा ते सोळा वर्षांचा होता! जन्मसालाबद्दल वाद आहेत, पण त्याच्या एका कोरीव चित्रावर १५०८ हे साल त्यानेच घातलेलं आहे. आमच्या घरी त्याच वयाचा मुलगा आहे. तो दिवसभर वहीच्या मागच्या पानांवर चेहरे काढत बसतो, आता मी त्याला ओरडणार नाही.

पानगळ

दौतलेखणीताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. अभ्यासकांमध्येही या चित्राच्या नावावर एकमत नाही.

आधी पत्त्यांचं बघू. खेळायचे पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या शेवटी आले, १३७० च्या दशकापासून त्यांचे उल्लेख मिळतात. पण हे पान म्हणजे प्रवास, ते पान म्हणजे पत्र, अशी प्रत्येक पत्त्याला अर्थ देणारी पद्धत पुस्तकात नीट मांडली गेली ती थेट १७७० साली. मांडणारा पॅरिसचा एतेय्या. त्याचं खरं आडनाव आलिएत, तेच उलटं लिहून त्याने हे नाव घेतलं. त्याचं पहिलं पुस्तक ३२ पानांच्या साध्या जोडावर होतं, त्यात एक जादा पान प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं. म्हणजे लुकासच्या चित्रानंतर जवळजवळ २६० वर्षांनी.

आता फुलाकडे या. ते कार्नेशन असेल, तर त्या काळच्या फ्लेमिश आणि डच चित्रांत कार्नेशन म्हणजे लग्नाचं वचन. हातात कार्नेशन घेतलेल्या नवऱ्या मुलाची चित्रं तिथे कितीतरी आहेत. मग ही बाई भविष्य सांगतेय, की पत्त्यांच्या निमित्ताने दोघांचं जुळतंय? मला दुसरं पटतं.

रानपाखरू

पानगळ, थोडी असहमती. १७७० च्या आधी पत्ते भविष्यासाठी वापरतच नव्हते असं म्हणता येणार नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ‘लोसबुख’ नावाची शकुनाची पुस्तकं छापली जात होती, त्यांतलं एक पत्त्यांचं होतं. पत्ता ओढायचा, पुस्तकात त्या पत्त्याखाली जो श्लोक असेल तो आपलं उत्तर. पुढे १५४० साली व्हेनिसमध्ये मार्कोलिनीने याच प्रकारचा एक देखणा, चित्रांनी भरलेला ग्रंथ छापला.

पण फरक मोठा आहे. तिथे पत्त्याला स्वतःचा अर्थ नव्हता, पत्ता फक्त कुठलं पान उघडायचं ते सांगायचा. फासे टाकले असते तरी चाललं असतं.

घाटमाथा

@रानपाखरू, म्हणजे आपला पोपटवाला!

लहानपणी बाजाराच्या दिवशी वडाखाली एक काका बसायचे. पुढे फडकं, त्यावर एकावर एक सरकवून ठेवलेल्या पाकिटांची रांग. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट तुरुतुरु चालत यायचा, चोचीने एक-दोन पाकिटं बाजूला टाकायचा आणि तिसरं ओढायचा. काका त्याला एक दाणा द्यायचे, मग तो आपणहून आत. पाकिटात देवाचं चित्र असलेला पत्ता निघायचा, आणि पुढचं सगळं काका पाठ म्हणायचे. माझ्या आईला दर वेळी लक्ष्मीच निघायची. ती परतताना पावशेर जिलेबी घ्यायची, म्हणून मला तो पोपट फार आवडायचा.

सुगरणीचा_खोपा

घाटमाथा दादा, आठवण गोड आहे, पण त्या पोपटांचे पंख कापलेले असत हे विसरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले देशी पोपट पाळायला बंदी आहे. मी पक्ष्यांच्या सुटकेचं काम करते. असे पोपट आमच्याकडे येतात तेव्हा महिनोन्महिने त्यांना उडता येत नाही. एक तर पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं तरी बाहेर यायचा आणि जमिनीवरचे कागद ओढत बसायचा.

घाटमाथा

ताई, हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. सांगितलंत ते बरं केलंत.

चांदणवेल

मी गेली अकरा वर्षं टॅरो वाचते, म्हणजे ७८ चित्रपत्त्यांच्या जोडावर भविष्य बघते, तेव्हा माझंही मत मांडते.

‘टॅरो इजिप्तहून आला’ असं माझ्याकडे येणारी बरीच माणसं धरून चालतात. सुरुवातीला मीही तेच मानत होते. खरं म्हणजे टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, आणि तो खेळ होता. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. इजिप्तची गोष्ट १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने लिहिली. चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोलियोंला सापडली १८२२ मध्ये! म्हणजे इजिप्तची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, तेव्हाच हे ठरवून झालं होतं.

हे कळल्यावर माझं पत्त्यांवरचं प्रेम कमी झालं नाही, उलट वाढलं. आज बहुतेकांच्या हातात असतो तो जोड १९०९ मध्ये लंडनला निघाला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली, ७८ च्या ७८. फार मोठं काम, फार थोडे पैसे, असं त्यांनी स्वतःच एका पत्रात कळवलं होतं. १९५१ साली कॉर्नवॉलमध्ये त्या गेल्या तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं त्या जोडावर प्रकाशकाचं आणि मजकूर लिहिणाऱ्याचंच नाव चाललं, आता लोक आवर्जून स्मिथचं नाव जोडतात. भविष्य सांगणाऱ्या बाईची चित्रं आपण शोधतोच आहोत, तर हे पत्ते काढणारी बाईही या धाग्यात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पानगळ

चांदणवेल, फार छान लिहिलंत. भर म्हणून: पंधराव्या शतकातला ‘सोला बुस्का’ नावाचा इटालियन टॅरो आहे, आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात. त्याची छायाचित्रं १९०७ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये लागली होती. त्यातली तलवारींची तिर्री आणि पामेलाबाईंची तिर्री शेजारी ठेवून बघा. हृदयात रुतलेल्या त्याच तीन तलवारी.

तर्कशुद्ध

चित्रं सुंदर आहेत, पण पत्त्यांवरून भविष्य कळत नाही हेही धाग्यात एकदा स्पष्ट यावं. माझ्या एका नातेवाइकाने अशा सल्ल्यावर विसंबून ऑपरेशन चार महिने लांबवलं होतं, आणि ते आम्हाला फार महाग पडलं.

चांदणवेल

तर्कशुद्ध, तुमच्या नातेवाइकांबद्दल खरंच वाईट वाटलं. तब्येतीचा प्रश्न आला की मी पत्ते पिशवीत ठेवते आणि डॉक्टरांकडे जायला सांगते. यात मी कधी तडजोड केलेली नाही.

इस्पिकराणी

मूळ प्रश्नाकडे. मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी, प्रबंध याच काळावर चालू आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सतराव्या शतकातली चित्रं बघत गेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. भविष्य बघायचं तर चित्रकार हात दाखवतो. पत्ते दाखवायचे तर फसवणूक दाखवतो. दोन्ही विषय जोडीने चालतात. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचीच उदाहरणं घ्या. त्याने ‘भविष्य सांगणारी’ दोनदा रंगवली, एक चित्र रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आणि एक लूव्हरमध्ये, दोन्ही १५९० च्या दशकातली. मुलगी तरुणाचा तळहात धरून त्याच्या डोळ्यांत बघतेय, आणि बोटांनी हळूच त्याची अंगठी काढून घेतेय. त्याच सुमाराला त्याने पत्त्यांतले ठगही रंगवले. तिथेही एक कोवळा पोरगा, आणि त्याला लुटणारे दोघे.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरचंही तसंच. त्याच्या ‘भविष्य सांगणारी’ या चित्रात म्हातारी तरुणाला गुंतवून ठेवते आणि बाजूची मुलगी त्याच्या गळ्यातली साखळी कापते. पत्त्यांच्या चित्रात लबाड खेळाडू पाठीमागे कमरेच्या पट्ट्यातून चौकटचा एक्का काढतो. ते लूव्हरमध्ये आहे, दौतलेखणीताईंनी पाहिलं असेल. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच: चांगल्या कपड्यांतला, पैसेवाला, जगाचा अनुभव नसलेला मुलगा.

म्हणजे माझं म्हणणं असं की ‘पत्ते बघून भविष्य’ हा चित्राचा विषय म्हणून खरा फुलला तो एतेय्यानंतर, एकोणिसाव्या शतकात. त्याच काळात पॅरिसमध्ये पत्त्यांवर भविष्य सांगणारी मादमोआझेल लनॉर्मां होती (१७७२ ते १८४३). नेपोलियनची बायको सम्राज्ञी जोसेफिन आपल्याकडे यायची असं ती सांगायची. ती गेल्यावर तिच्या नावाचे पत्ते निघाले, ते आजही विकले जातात. अशा प्रसिद्धीनंतर लोकांनी जुन्या चित्रांकडेही त्याच नजरेने बघितलं असणार. लुकासच्या चित्राचं नाव मला तरी या नजरेचं वाटतं.

दौतलेखणी

इस्पिकराणी, हेच हवं होतं मला! हात म्हणजे भविष्य आणि पत्ते म्हणजे फसवणूक, हे एकदा कळल्यावर फोनमधले सगळे फोटो पुन्हा बघितले. चौकटच्या एक्क्याचं चित्र पाहिलं होतं. त्यातल्या मधल्या बाईचे डोळे एका बाजूला वळलेत, ते विसरता येत नाहीत.

रानपाखरू

अवांतर: ला तूरचं ते भविष्यवालं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने १९६० मध्ये विकत घेतलं, तेव्हा फ्रान्समध्ये असा गदारोळ झाला की ते देशाबाहेर गेलंच कसं, याचा खुलासा संस्कृतिमंत्री मालरो यांना करावा लागला. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत काहींनी ते बनावट असल्याचा आरोप केला. कपडे त्या काळाचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग रंग तपासले, तर शिसं आणि कथिल यांचा एक पिवळा रंग त्यात निघाला. हा रंग अठराव्या शतकात वापरातून गेला होता आणि विसाव्या शतकात पुन्हा ओळखीचा झाला. संग्रहालय आजही ते ला तूरचंच मानतं.

वाटसरू_वाईचा

मला एक बोलायचं आहे. भविष्य सांगण्याच्या या चित्रांत चोर कोण? दर वेळी रोमा बाई, ज्यांना चित्रांच्या नावात ‘जिप्सी’ म्हणतात ती. तीनशे-चारशे वर्षं चित्रकारांनी तेच काढलं, श्रीमंतांनी तेच भिंतीवर लावलं. त्या समाजाकडे संशयाने बघायची सवय यातूनही पोसली गेली असणार.

आपल्याकडचं बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्खे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तो डाग सरकारी कागदावरून १९५२ मध्ये पुसला. कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी आजही भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पहाटे पिंगळा यायचा तेव्हा माझी आजी सुपात जोंधळे घेऊन दारात उभी राहायची, आणि घरातलेच काही जण ‘आधी गोठ्यातली भांडी आत घ्या’ म्हणायचे. आजी त्यांना गप्प करायची. पिंगळ्याने आमच्याकडून कधी काही नेलं नाही. दिलं मात्र, पहाटेचं गाणं.

इस्पिकराणी

अगदी खरं. बेल्लोरी नावाच्या चरित्रकाराने १६७२ मध्ये लिहिलंय की काराव्हाज्जोने रस्त्यावरून जाणाऱ्या रोमा बाईला बोलावलं आणि तिला चित्रात बसवलं. गोष्ट खरी असो नसो, चरित्रात त्या बाईला नाव नाही. प्रबंधात मी या मुद्द्याला जागा देणार आहे. वाटसरू दादा, आभार.

बर्फातला_मराठी

मी बरीच वर्षं मॉस्कोत काढली, तेव्हा रशियाकडची दोन सांगतो, कारण तिथे चोरी नाही.

एक व्हेनेत्सियानोव्हचं, १८४२ चं, सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये. गावाकडच्या तरुण मुली टेबलाशी पत्ते घेऊन बसल्यात. घरातला निवांतपणा, अंगावर सणासुदीचे कपडे. या माणसाने आपल्या गावी चित्रशाळा चालवली आणि तिथे भूदासांच्या मुलांनाही शिकवलं. त्यामुळे त्याच्या शेतकरी मुली बाहुल्या वाटत नाहीत, शेजारच्या वाटतात.

दुसरं व्रुबेलचं, १८९५ चं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह दालनात. हे मी किमान दहा वेळा पाहिलं असेल. गालिच्यांच्या रंगांत बाई जवळजवळ बुडालीय. पुढ्यात पत्ते, त्यांत इस्पिकचा एक्का, अशुभ मानलेला. आणि ती पत्त्यांकडे बघतच नाही. तुमच्याकडेही नाही. सांगायचं ते तिला कळलंय आणि आता कसं सांगू या विचारात आहे, असा तो चेहरा. माझ्या वडिलांचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवून खिडकीकडे पाहिलं होतं. त्यानंतर हे चित्र मला जास्तच कळलं.

चांदणवेल

बर्फातला मराठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाईट पान निघतं तेव्हा आमचेही डोळे असेच दुसरीकडे जातात.

माडाबनात

पत्त्यांचा विषय आणि सावंतवाडी अजून कुणी काढली नाही! मी तिथलाच.

आमची गंजिफा गोल असते. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, म्हणजे १२० पत्ते. प्रत्येक रंगाचा राजा आणि प्रधान, बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा रंग आधी, रात्री कृष्णाचा. आमच्या माळ्यावर आजोबांचा अर्धामुर्धा जोड होता. हातात घेतला की लाखेचा गारवा लागायचा, आणि पत्त्यावर पत्ता टाकला की टक् असा कोरडा आवाज. कासवाच्या पाठीवरचे ठिपके इतके बारीक की ते काढायला एकाच केसाचा कुंचला लागला असेल असं मला वाटायचं. ही कला मोडत चालली होती, ती राजेसाहेब शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात पुन्हा उभी केली. आजही तिथे कलाकार बसून रंगवताना दिसतात.

आमच्याकडे तिच्यावर भविष्य कुणी बघितलेलं मला माहीत नाही. फक्त खेळ. खेळ मोडायची वेळ झाली की आजी आधी दहाही राजे मोजायची, मग बाकीची पानं. एखादा अवतार हरवणं तिला चालायचं नाही.

किलवरची_दुर्री

@माडाबनात, गंजिफेवर वेगळा धागा काढाच. खेळायचे नियमही लिहा.

पानगळ

+१. खेळणारी माणसं आहेत तोवर नियम उतरवून घ्यायला हवेत.

दौतलेखणी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काल एक केलं. लुकासचं चित्र मोठं करून छापून आणलं आणि सासूबाईंना दाखवलं. वय ८४. मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन यांत त्यांना आजवर कुणी हरवलेलं नाही. नाव सांगितलं नाही, काळ सांगितला नाही. नुसतं विचारलं, “आई, ही काय करतेय?”

त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “पत्त्यांत हिचं लक्ष नाही गं. लक्ष त्या फुलात आहे.” मी म्हटलं, काही लोक म्हणतात की ती भविष्य सांगतेय. तर कागद परत देत म्हणाल्या, “मग त्याचं नाही, स्वतःचंच बघत असेल.”

छापलेलं चित्र आता त्यांच्या पलंगाशेजारी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून विचारताहेत.

इस्पिकराणी

आईंना माझा नमस्कार सांगा. हे वाक्य प्रबंधात घेऊ का? परवानगी विचाराल?

दौतलेखणी

विचारलं. हो म्हणाल्या. पण आधी त्या गोल पत्त्यांचा खेळ कुणीतरी शिकवायचा, अशी अट आहे.

माडाबनात

शनिवारी राजवाड्यात जातोय. जोडाचे फोटो आणि नियम घेऊन रविवारी धागा काढतो. आईंना सांगा, चार गडी नाही, तिघेच लागतात.